ठिकाणाची नोंद आणि वॉलेस यांचे ऋण

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मागे टाकून नाशिक रोडला मुंबईच्या गाडीत बसावे आणि सुमारे पन्नास किलोमीटरवरील इगतपुरीला उतरावे. एवढ्या अल्प प्रवासात निसर्गाचे रूप पार पालटलेले दिसते. गोदाकाठच्या बाभळी, बोरी आणि कडुलिंब मागे राहतात आणि धुक्यात बुडालेले डोंगर, दाट झाडी व भातखाचरे समोर येतात. या पालटाचे कारण नाशिक जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सह्याद्रीचा माथा पावसाळी ढगांना अडवतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिकच्या परिसरात तो सातशेच्या घरात येऊन ठेपतो. जसा पाऊस तशी झाडी, आणि जशी झाडी तसे पशुपक्षी, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

हा हिशेब चुकीचा नाही; परंतु तो अपुरा आहे. आजच्या इंडोनेशियातील बाली आणि लोंबोक ही दोन बेटे घ्या. त्यांच्यामधील समुद्र जेथे सर्वांत अरुंद आहे तेथे तो अवघा पस्तीस किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे एकलहरे ते इगतपुरी या अंतराहूनही कमी. दोन्ही बेटे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, दोन्ही ज्वालामुखींनी घडविलेली, दोन्हींवर उंच पर्वत आणि त्यांच्या उतारावर पाटाच्या पाण्याची भातशेती. आकारात फार तफावत नाही आणि हवामानही बरेचसे सारखे. तरीही एका बेटावरून दुसऱ्यावर गेलेल्या प्रवाशाला पक्ष्यांचे जगच निराळे भेटते. असे का व्हावे, हा प्रश्न ज्यांनी नेमकेपणाने विचारला आणि ज्यांच्या उत्तरातून प्राणिभूगोल नावाचे शास्त्र उभे राहिले, ते आल्फ्रेड रसेल वॉलेस. चार्ल्स डार्विन यांच्या कीर्तीच्या छायेत हे नाव आपल्याकडे फार मागे पडले. वस्तुतः शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना आपला वाटावा असा दुसरा शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात क्वचितच सापडेल.

८ जानेवारी १८२३ रोजी वेल्सच्या सीमेवरील अस्क या गावाजवळ वॉलेस यांचा जन्म झाला. वडिलांची मिळकत हळूहळू हातची गेलेली. घरात मुले अनेक आणि उत्पन्न तुटपुंजे. परिणामी वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. विद्यापीठाचे तोंडही त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिले नाही. थोरला भाऊ विल्यम भूमापक होता. त्याच्या हाताखाली साखळ्या आणि मोजणीची उपकरणे घेऊन हा मुलगा शेते, नाले आणि बांध मोजत हिंडू लागला. वनस्पती ओळखण्याचा छंद या भटकंतीतच जडला. पुढे मोजणीची कामे आटली तेव्हा १८४४ मध्ये लेस्टर येथील एका शाळेत त्यांनी मास्तरकी पत्करली. चित्रकला, नकाशे काढणे आणि भूमापन हे त्यांचे विषय. त्या गावच्या ग्रंथालयाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. लोकसंख्येविषयीचा माल्थस यांचा ग्रंथ त्यांनी तेथे वाचला. आणि हेन्री बेट्स हा भुंगेरे जमविणारा मित्रही त्यांना त्याच गावात भेटला.

या दोघा निर्धन तरुणांनी १८४८ साली एक धाडस केले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जायचे, प्राण्यांचे नमुने गोळा करायचे, ते लंडनमधील दलालामार्फत संग्रहालयांना व हौशी श्रीमंतांना विकायचे आणि त्या पैशावर प्रवास चालवायचा, अशी ही योजना होती. ज्यांच्या पाठीशी घरची दौलत असे ते निसर्गशास्त्रज्ञ ज्ञानासाठी प्रवास करीत. वॉलेस यांना पोटासाठीही करावा लागत होता. चार वर्षे त्यांनी रिओ निग्रोच्या वरच्या अंगापर्यंत भ्रमंती केली. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पीतज्वराने दगावला. स्वतः वॉलेस हिवतापाने पोखरले गेले आणि १८५२ च्या जुलैमध्ये आपला संग्रह घेऊन हेलन नावाच्या जहाजाने परत निघाले. ६ ऑगस्टला भर अटलांटिक महासागरात त्या जहाजाने पेट घेतला. उघड्या होड्यांत सुमारे दहा दिवस काढल्यावर एका जहाजाने त्यांना वाचविले. माशांची व ताडवृक्षांची काही चित्रे आणि थोडी टिपणे एका पत्र्याच्या पेटीतून वाचली. अखेरच्या वर्षांचा बहुतेक संग्रह जळून बुडाला. दलालाने दूरदृष्टीने विमा उतरविला होता, त्याचे दोनशे पौंड हाती आले, एवढेच.

तथापि लंडनला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच, डिसेंबर १८५२ मध्ये, ॲमेझॉनच्या माकडांविषयी त्यांनी एक छोटा निबंध वाचला. त्यात त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज आहे. त्या महानदांच्या एका तीरावर दिसणारी माकडाची जात पुष्कळदा दुसऱ्या तीरावर नसते, असे त्यांनी दाखविले. त्याचबरोबर त्यांनी एक तक्रारही मांडली. संग्रहालयांत ठेवलेल्या नमुन्यांवर ठिकाणाची नोंद इतकी मोघम असे, की तो प्राणी नदीच्या कोणत्या काठावर मिळाला हे कोणालाच सांगता येत नसे. ज्याने आपल्या कोवळ्या वयात दोन शेतांमधली हद्द मोजून कागदावर उतरविली होती, त्याला जीवसृष्टीच्या हद्दीही मोजून पाहाव्याशा वाटाव्यात, यात नवल नाही.

बालीहून लोंबोककडे

पुन्हा समुद्रावर पाऊल ठेवायचे नाही, हा आगीनंतरचा निश्चय फार काळ टिकला नाही. १८५४ च्या एप्रिलमध्ये वॉलेस सिंगापूरला उतरले आणि पुढील आठ वर्षे मलाया द्वीपसमूहात हिंडत राहिले. बेटांमागून बेटे, कधी व्यापारी गलबतातून तर कधी साध्या होडीतून, सुमारे चौदा हजार मैलांचा हा प्रवास झाला. सारावाकमध्ये १८५५ साली त्यांच्याकडे अली नावाचा मलायी तरुण कामाला राहिला. स्वयंपाकापासून आरंभ करून पक्षी टिपणे, त्यांची कातडी काढून टिकविणे या कामांत अली इतके तरबेज झाले, की संग्रहाचा मोठा भार त्यांच्यावर पडू लागला.

बाली आणि लोंबोक यांची भेट मुळात ठरलेली नव्हती. वॉलेस यांना सिंगापूरहून सेलेबीज बेटावरील मकास्सर गाठायचे होते. थेट जहाज मिळेना, म्हणून एका चिनी व्यापाऱ्याच्या गलबतातून ते बालीकडे निघाले. १३ जून १८५६ रोजी ते बालीच्या उत्तर किनाऱ्याला लागले आणि दोनच दिवस तेथे राहिले. पाटबंधाऱ्यांनी बांधून काढलेली ती शेती पाहून ते चकित झाले. शेताशिवारांत त्यांना जे पक्षी दिसले ते आशियाई कुळांतले होते. आपल्याकडच्या तांबट, सुतार आणि सुगरण या पक्ष्यांचे ते भाऊबंद म्हणता येतील. एकलहऱ्याच्या वडापिंपळांवर ठोक्याचा आवाज काढणाऱ्या तांबटाला बाली परके वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतर सामुद्रधुनी ओलांडून ते लोंबोकच्या अंपनान बंदरात उतरले. मकास्सरला नेणारे जहाज मिळेपर्यंत त्यांना तेथे दोन महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले. या सक्तीच्या मुक्कामात त्यांच्या ध्यानात आले, की बालीतले ओळखीचे पक्षी येथे दिसत नाहीत. त्यांच्या जागी पांढरे काकाकुवे होते. कुंचल्यासारख्या टोकाच्या जिभेने मध टिपणारे, ऑस्ट्रेलियात विपुल असलेले पक्षी होते. माती आणि पालापाचोळा यांचा मोठा ढीग रचून त्यात अंडी पुरणारा आणि ढिगाच्या उबेवर पिले निपजू देणारा एक विलक्षण पक्षीही होता. आशियाची सृष्टी जणू बालीच्या किनाऱ्यावर थबकली होती आणि समोरच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाची चाहूल लागत होती. ऑगस्ट १८५६ मध्ये लंडनच्या दलालाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा भेद कळविला. पाठविलेल्या मालात डार्विन यांच्या अभ्यासासाठी एक पाळीव बदकही होते!

अशी नोंद सहजासहजी होत नसते. वॉलेस यांच्या आधी गालापागोस बेटांवर डार्विन यांनाही हीच संधी आली होती. १८३५ साली तेथे उतरले असता, कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे हे ओळखता येते, असे त्यांना एका अधिकाऱ्याने सांगितले होते. परंतु शेजारच्या बेटांवरचे जीव भिन्न असतील, ही कल्पना त्या वेळी त्यांना पटली नाही आणि अनेक लहान पक्ष्यांचे नमुने बेटांची नावे न लिहिताच एकत्र ठेवले गेले. इंग्लंडला परतल्यावर त्यांना सहप्रवाशांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. वॉलेस मात्र प्रत्येक कीटकाच्या टाचणीला लहानशी गोल चिठ्ठी लावून तीवर बेटाचे नाव संक्षेपाने लिहीत. या आठ वर्षांत त्यांनी एक लाख पंचवीस हजारांहून अधिक नमुने जमविले. त्यांतले त्र्याऐंशी हजारांवर तर केवळ भुंगेरे होते. एवढ्या पसाऱ्यात ठिकाणाची शिस्त त्यांनी मोडू दिली नाही. दप्तरात नोंद करताना तारीख आणि गाव चुकू न देणारा कारकून जे करतो, तेच त्यांनी विज्ञानासाठी केले.

खोलीचे रहस्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन्ही बेटांचे अंतर एवढे थोडे असता सृष्टी भिन्न का? उत्तर समुद्राच्या रुंदीत नसून खोलीत आहे. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि बाली यांच्याभोवतीचा समुद्र उथळ आहे, ही गोष्ट जॉर्ज विंडसर अर्ल यांनी १८४५ मध्येच नोंदविली होती. वॉलेस यांनी तिची सांगड प्राण्यांच्या वाटपाशी घातली. समुद्र उथळ असेल तेथे जमीन अलीकडच्या काळापर्यंत सलग असावी. खोल असेल तेथे ताटातूट फार जुनी असावी. १८६३ साली लंडनच्या भूगोल संस्थेपुढे त्यांनी आपला नकाशा ठेवला. त्यावरील तांबडी रेषा बाली व लोंबोक यांच्यामधून निघून बोर्निओ आणि सेलेबीज यांच्यामधून वर जात होती. पुढे १८६८ मध्ये हक्सले यांनी तिला वॉलेस रेषा हे नाव दिले.

आजच्या भूशास्त्राने या विचाराला भक्कम पाया दिला आहे. हिमयुगाच्या ऐन भरात पृथ्वीवरचे पाणी बर्फाच्या रूपाने गोठून राहिल्यामुळे समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली होती. त्या वेळी बाली, जावा, सुमात्रा आणि बोर्निओ हे सारे आशियाच्या मुख्य भूमीला जोडले गेले. वाघ त्याच वाटेने बालीपर्यंत पोहोचला. बालीचा तो वाघ विसाव्या शतकात नामशेष झाला. तिकडे न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला जोडली गेली. मात्र लोंबोकची सामुद्रधुनी तिच्या उथळ उंबरठ्यावरही सुमारे अडीचशे मीटर खोल असल्याने ती कधीच कोरडी पडली नाही. ऑस्ट्रेलियाचा भूखंडच कोट्यवधी वर्षांच्या प्रवासात दक्षिणेकडून सरकत येथवर आला आहे, हे तर वॉलेस यांच्या पिढीला ज्ञात असणे शक्यच नव्हते. हे सरकणे विज्ञानाने निर्विवादपणे मान्य केले ते १९६० च्या दशकात. नकाशावरची शेजारची बेटे इतिहासाच्या दृष्टीने परस्परांपासून फार दूरची असू शकतात, हा वॉलेस यांचा बोध त्यातून अधिकच ठसठशीत झाला.

ती रेषा म्हणजे अभेद्य भिंत होय, असे मात्र समजू नये. काही पक्षी, वटवाघळे, कीटक आणि ओंडक्यांवर तरंगत आलेले सरपटणारे जीव दोन्ही दिशांनी ओलांडून गेले आहेत. सेलेबीज बेट कोणत्या बाजूला घालावे, याविषयी स्वतः वॉलेस यांचेही मत पुढे बदलले. रेषेची जागा थोडी सरकली तरी तिच्यामागचा विचार ढळत नाही.

श्रेय आणि उपेक्षा

१८५८ च्या प्रारंभी याच द्वीपसमूहात तापाने फणफणले असता त्यांना लेस्टरमध्ये वाचलेल्या माल्थस यांची आठवण झाली आणि जगण्याच्या झगड्यात जे अधिक योग्य ते टिकतात, हा विचार सुचला. तेर्नाते बेटावरून त्यांनी तो डार्विन यांना लिहून पाठविला. डार्विन त्याच विचारावर वीस वर्षे झुरत होते. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. वॉलेस तेव्हा हजारो मैल दूर होते आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. दुसरा एखादा असता तर जन्मभर धुमसत राहिला असता. वॉलेस यांनी १८६९ मध्ये आपला मलाया द्वीपसमूहावरील प्रसिद्ध ग्रंथ डार्विन यांनाच अर्पण केला.

परंतु श्रेयाचा प्रश्न आणखी एका ठिकाणी उरतो. १८५८ साली बाचान बेटावर एक अपूर्व पक्षी मिळाला. ज्याच्या खांद्यांतून पांढरी लांब पिसे ध्वजाप्रमाणे उभी राहतात असा तो पक्षी प्रथम टिपला अली यांनी. शास्त्राने त्याला नाव दिले ते वॉलेस यांचे. वॉलेस यांनी आपल्या लिखाणात अली यांचा वाटा प्रांजळपणे सांगितला आहे. तरीसुद्धा वसाहतींच्या काळात ज्यांच्या डोळ्यांनी आणि हातांनी विज्ञान पुढे गेले, त्या स्थानिक माणसांची नावे पक्ष्यांना मिळाली नाहीत, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंडला १८६२ मध्ये परतल्यावर वॉलेस यांनी प्राण्यांच्या भौगोलिक वाटपावर १८७६ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ आणि १८८० मध्ये बेटांवरील जीवनाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण कायमची नोकरी त्यांना कधीच मिळाली नाही. संग्रहाच्या विक्रीतून आलेली पुंजी फसलेल्या गुंतवणुकीत गेली. संसार चालविण्यासाठी ते वर्षानुवर्षे भूगोलाच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासत. अखेर डार्विन यांच्या खटपटीने १८८१ मध्ये त्यांना वर्षाला दोनशे पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मंजूर झाले. त्यांचे सारेच निर्णय बरोबर होते असेही नाही. मृतात्म्यांशी संवाद होतो, यावर त्यांनी विश्वास ठेवला. देवीच्या लसीला कडवा विरोध केला. पुराव्याचा एवढा आग्रही माणूस काही ठिकाणी पुराव्याकडेच पाठ फिरवून बसला, हा त्यांच्या चरित्रातला खेदजनक भाग होय. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या दाराशी

बाली आणि लोंबोक आपल्यापासून दूर आहेत; प्रश्न दूर नाही. अंदमान आणि निकोबार ही नावे आपण एका दमात उच्चारतो. त्या दोहोंमध्ये सुमारे १५० किलोमीटर रुंदीची खोल सामुद्रधुनी आहे. ग्रेट निकोबार आणि आसपासच्या काही बेटांवर लांब शेपटीची माकडे आहेत. अंदमानात मूळचे माकड नाही. लोंबोकवर वॉलेस यांनी पाहिलेल्या ढीग रचणाऱ्या पक्ष्याचा सख्खा भाऊबंद निकोबारच्या किनारी जंगलात आहे, अंदमानात तो आढळत नाही. २००४ च्या त्सुनामीत त्याच्या घरट्यांची मोठी हानी झाली. त्याच ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ व नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी देण्यात आली आणि तेथील वनाच्या बदल्यात हरियाणात झाडे लावण्याची योजना पुढे आली. राष्ट्राच्या संरक्षणाची आणि व्यापाराची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु एका ठिकाणचे वन दुसऱ्या ठिकाणी भरून निघते, या हिशेबात झाडांची संख्या जमेस धरली जाते आणि ठिकाण वजा होते. वॉलेस यांचे सारे आयुष्य या चुकीविरुद्धचा पुरावा आहे. बेटावरची जात शेजारच्या बेटावरूनही आणता येत नाही. मग ती हजारो किलोमीटरवरच्या मैदानात कशी उगवणार?

सह्याद्रीही अशा कोड्यांनी भरलेला आहे. त्याच्या ओढ्यांतील काही माशांचे नातलग थेट पूर्व हिमालयात व मलायात आढळतात. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात असा तर्क मांडला, की एकेकाळी अधिक ओलसर असलेल्या सातपुड्याच्या रांगेने ते पश्चिमेकडे आले असावेत. हा तर्क आज सर्वमान्य नाही. पण त्याचा खरेखोटेपणा ठरवायचा तरी कशाने? कोणता मासा, कोणत्या ओढ्यात, कोणत्या साली मिळाला, या नोंदीनेच.

म्हणून वॉलेस यांचे खरे स्मारक आपल्या शाळांतून उभे राहू शकते. प्रयोगशाळेच्या कपाटातील बरणीवर प्राण्याचे नाव असते. तो कोठे व केव्हा मिळाला हे पुष्कळदा नसते. भूगोल आणि जीवशास्त्र हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकविले जातात आणि त्यांची गाठ पडत नाही. एकलहऱ्याच्या गोदाकाठापासून खाली निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरपर्यंत पाण्यावरचे पक्षी दर हिवाळ्यात येतात. त्या पाणथळीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही लाभला. एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गाकडून एक साधी वही ठेवून घ्यावी. तीत पक्ष्याचे नाव, दिवस, वेळ, गाव आणि नदीचा काठ डावा की उजवा, एवढेच लिहावे. दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला आपल्या नदीत काय बदलले, हे कोणत्याही अंदाजापेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलानेच ते जगाला शिकविले आहे.